इंग्लंडच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये इंग्लिश भाषा आणि साहित्य: नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी

दर वर्षी कॉलेजच्या ओपन इव्हनिंगला, म्हणजे नव्या मुलांना कॉलेज दाखवण्याच्या संध्याकाळी, एखादं तरी मराठी कुटुंब आमच्या टेबलाशी येऊन थबकतं. टेबलावर तीन पाट्या असतात: इंग्लिश लिटरेचर, इंग्लिश लँग्वेज आणि इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर. आई हळूच मुलाला विचारते, "हे तिन्ही एकच ना रे?" मी पलीकडून मराठीत उत्तर दिलं की आधी दचकतात, मग हसतात, आणि मग वीस मिनिटं प्रश्न संपत नाहीत. त्या वीस मिनिटांत सांगून होत नाही ते इथे लिहिते आहे. सिक्स्थ फॉर्म म्हणजे इथली शाळेची शेवटची दोन वर्षं, साधारण आपली अकरावी-बारावी, आणि तिथल्या विषयांना ए लेव्हल म्हणतात. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिथे हायर्स नावाच्या परीक्षा असतात.

पहिली पायरी: तिन्हींतला फरक ओळखा

हे तीन स्वतंत्र विषय आहेत. लिटरेचरमध्ये कादंबरी, नाटक, कविता आणि त्यांचा काळ. लँग्वेजमध्ये भाषा हाच अभ्यासाचा विषय: मूल बोलायला कसं शिकतं, बोली कशा बदलतात, जाहिरात आपल्याला कशी गळाला लावते. तिसरा विषय या दोन्हींची गोळाबेरीज आहे असं नावावरून वाटतं, पण तसा तो नाही. त्यात भाषाशास्त्राची हत्यारं घेऊन साहित्य उघडायचं असतं, आणि त्याच हत्यारांनी रोजचं बोलणं, प्रवासवर्णन, भाषण, दुकानातली पाटीसुद्धा. शेक्सपिअरचा संवाद आणि बसमधल्या दोन बायकांचा संवाद एकाच टेबलावर, एकाच सुरीने कापायचा. मला तिन्हींत हा विषय सर्वांत जवळचा वाटतो, आणि दोन भाषांत वाढलेल्या मुलाला तो सर्वांत लवकर आपलासा होतो असा माझा अनुभव आहे.

कशावरून ठरवायचं? पुस्तकं वाचून "लेखकाने हे असंच का लिहिलं असेल" हा प्रश्न पडत असेल तर हा विषय घ्या. नुसती गोष्ट आणि तिचा काळ आवडत असेल तर लिटरेचर बरं. कादंबरी हातात धरवत नसेल, पण लोक कसे बोलतात याकडे सारखं लक्ष जात असेल, तर लँग्वेज. तिन्ही विषय प्रत्येक कॉलेजात नसतात, आणि लँग्वेज अँड लिटरेचरबरोबर बाकीच्या दोन्हींपैकी एखादं इंग्लिश घ्यायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

दुसरी पायरी: बोर्ड विचारा

आपल्याकडे बोर्ड शाळेचं असतं. इथे ते विषयाचं असतं. एकाच मुलाचं गणित एका बोर्डाचं आणि इंग्लिश दुसऱ्याचं. या विषयासाठी इंग्लंडमध्ये एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर आणि एडुकास ही चार बोर्डं भेटतात. रचना चौघांची ढोबळमानाने एकच: दोन वर्षं शिकायचं, ८० टक्के गुण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी लेखी परीक्षेला, २० टक्के कॉलेजात लिहिलेल्या प्रकल्पाला. आतला माल मात्र वेगळा. एक्यूएच्या मुलांना पॅरिसविषयीच्या वेचक लेखनाचा एक संग्रह असतो, आणि शिवाय कादंबरी, कविता, नाटक. एडेक्सेलच्या प्रकल्पात मुलांनी स्वतः ललित लेखन करून त्यावर भाष्य करायचं असतं. म्हणून "तुमच्याकडे कोणतं बोर्ड आणि कोणती पुस्तकं?" हे ओपन इव्हनिंगलाच विचारा. उत्तर मिळालं की बोर्डाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक्झामिनर्स रिपोर्ट उतरवून घ्या. सगळं फुकट आहे. आपल्याकडची मुलं गाइड विकत घेतात आणि एक्झामिनर्स रिपोर्ट वाचत नाहीत. त्या अहवालात तपासणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं असतं की मुलं कुठे चुकली. त्याहून चांगलं गाइड नाही.

तिसरी पायरी: प्रवेश

इयर ११ च्या, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या आधीच्या वर्षाच्या, शरद ऋतूत ओपन इव्हनिंग, हिवाळ्यात अर्ज, पुढे छोटीशी मुलाखत, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात जीसीएसईचा (इयर ११ च्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा, आपल्या दहावीसारख्या) निकाल लागला की नावनोंदणी. निकालाच्या दिवशी इंग्लंडबाहेर राहू नका. नावनोंदणीला मुलाला स्वतः हजर राहावं लागतं आणि तिकिटं काढून बसलेली कुटुंबं मग धावपळ करतात. साधारण पाच जीसीएसई विषयांत ४ किंवा ५ ही श्रेणी किंवा त्याहून वरची (९ सर्वांत वरची), आणि या विषयासाठी इंग्लिशमध्ये बहुधा ५ किंवा ६ मागतात. नेमका आकडा कॉलेजनुसार बदलतो.

दहावी करून थेट भारतातून आलेली मुलं विचारतात, "आमच्याकडे जीसीएसई नाही, मग?" गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं घेऊन प्रवेश कार्यालयात जा आणि इंग्लिश विभागातल्या शिक्षकांशी बोलायचं आहे असं स्पष्ट सांगा. बरीच कॉलेजं एखादा उतारा देऊन लिहून घेतात. त्या लिखाणात अवघड शब्द पेरू नका. तुम्ही नीट वाचता का, एवढंच आम्हाला बघायचं असतं. जीसीएसई इंग्लिशमध्ये ४ नसेल तर ए लेव्हलसोबत तो विषयही शिकावा लागतो, आणि नोव्हेंबरमध्ये त्याची परीक्षा देता येते. त्यात कमीपणा काही नाही.

सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात १६ ते १९ वयाच्या पात्र मुलांना शिकवणी फी नसते. पुस्तकं, बसपास, जेवण जड जात असेल तर कॉलेजच्या बर्सरी फंडाबद्दल विचारा. आपली माणसं संकोचाने विचारत नाहीत आणि हक्काची मदत राहून जाते.

चौथी पायरी: कॉलेजच्या रीतीभाती

गणवेश नाही. शिक्षकांना बहुतेक कॉलेजांत पहिल्या नावाने हाक मारतात. नव्या मराठी मुलाची जीभ इथे अडते, आणि ते पहिला महिनाभर मला कुठलंच संबोधन न वापरता नुसतं "एक्स्क्यूज मी" म्हणतं. हळूहळू सुटतं. आठवड्याला एका विषयाचे चार-पाच तास वर्गात, आणि तितकेच तास स्वतःचे. वेळापत्रकात मधे रिकामे तास दिसतात, ते सुट्टीचे नसतात. विषय चुकला असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांतच बोला. नंतर बदल जवळपास अशक्य होतो.

पाचवी पायरी: वाक्य उघडून बघायला शिका

खरा अभ्यास इथून सुरू होतो.

महाराष्ट्र बोर्डात तुम्ही कवितेचं रसग्रहण लिहिलं असेल. त्यात आशय, काव्यसौंदर्य आणि शेवटी भाषिक वैशिष्ट्यं असे भाग असतात. बहुतेक मुलं तो शेवटचा भाग दोन ओळींत उरकतात. या विषयात त्या दोन ओळींचीच दोन वर्षं होतात. आवाज, शब्द आणि त्यांचे अर्थ, व्याकरण, संदर्भातून निघणारा अर्थ, संभाषणाची किंवा मजकुराची बांधणी, आणि कागदावरची मांडणी असे भाषेचे थर मानलेले आहेत. समोरचा मजकूर या थरांतून चाळायचा.

एक नमुना करूनच बघू. इंग्लंडमध्ये रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला २०१६ पासून एक घोषणा पाठ झालेली आहे. संशयास्पद काही दिसलं तर कर्मचाऱ्यांना सांगा किंवा ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा, असं सांगून ती शेवटी म्हणते: "वुईल सॉर्ट इट. सी इट. से इट. सॉर्टेड."

कान देऊन ऐका. शेवटचे तिन्ही तुकडे 'स'ने सुरू होतात. पहिले दोन दोन-दोन शब्दांचे आणि आज्ञार्थी: बघा, सांगा. मग तिसरा तुकडा एका शब्दावर येतो आणि आज्ञा संपते. 'सॉर्टेड' हे काम झाल्याचं रूप आहे. कोणी केलं, कधी केलं, काही नाही. सांगणं आणि मिटणं यांच्यामधला सगळा वेळ वाक्यरचनेने गिळून टाकला. तुम्ही तोंड उघडलंत की प्रश्न मिटलाच. मराठीत म्हणायचं तर "बघा. सांगा. मिटलं." पोलीस खात्याने कचेरीतला जडशीळ शब्द न वापरता 'सॉर्टेड' हा रोजच्या बोलण्यातला शब्द का घेतला असेल? कारण फलाटावर घाईत असलेल्या अनोळखी माणसाला तक्रार करायला संकोच वाटतो, आणि या शब्दाने तक्रार शेजाऱ्याला सांगितल्याइतकी सोपी होते. 'इट' म्हणजे काय, तेही सांगितलेलं नाही. बेवारस बॅग असेल, भांडण असेल, काहीही असेल. ती रिकामी जागा ऐकणाऱ्याने आपल्या भीतीने भरायची.

आणि आता 'वुईल'कडे या. यातला 'वुई' कोण? इंग्रजीत तो एकच शब्द आहे. मराठीत भाषांतर करायला बसलात की तुम्हाला लगेच ठरवावं लागतं: आम्ही की आपण? "आम्ही बघतो" म्हणजे तुमचं काम सांगण्यापुरतं. "आपण बघू" म्हणजे तुम्हीही त्यात आलात. इथे अर्थातच आम्ही. पण एखादा नेता भाषणात 'वुई' म्हणतो तेव्हा तो मधेच आम्हीवरून आपणवर सरकतो, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. वर्गातल्या इंग्रज मुलांना हा फरक मला फळ्यावर समजावून द्यावा लागतो. तुमच्या तोंडात तो लहानपणापासून आहे.

सहावी पायरी: मराठी दाराबाहेर ठेवू नका

गुजराती, पंजाबी, बंगालीला इथे जीसीएसई आहे; मराठीला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण या विषयात मराठी रोज कामाला येते. शेक्सपिअरच्या पात्रांमध्ये 'दाऊ' आणि 'यू' असे दोन शब्द असतात. जवळच्याला, खालच्याला किंवा रागाच्या भरात 'दाऊ', आणि अंतर राखून मानाने 'यू'. पाठ्यपुस्तकात यावर तळटीप असते. तू आणि तुम्ही म्हणणाऱ्या मुलाला ती कशाला लागते? नेमलेलं नाटक 'ऑथेल्लो' असेल तर पेन्सिल घेऊन बसा आणि एखादं पात्र समोरच्याशी बोलताना कुठे एका शब्दावरून दुसऱ्यावर जातं तिथे खूण करा. सत्तेचा, मायेचा, संतापाचा नकाशा तयार होईल.

करणारा लपवण्याचंही तसंच. "मी कप फोडला" असं घरी कोण म्हणतं? "कप फुटला." फार तर "माझ्या हातून फुटला." कर्ता कसा लपवतात ते आपण चौथ्या वर्षीच शिकलेलो असतो. आता तेच इंग्रजी वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि सरकारी खुलाशात शोधायचं.

अलंकारांची नावं बदलून घ्या. उपमा, रूपक सरळ जुळतात. चेतनागुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन. अनुप्रासाला अ‍ॅलिटरेशन म्हणताना जरा सांभाळा: आपला अनुप्रास अक्षर कुठेही पुन्हा आलं तरी चालवून घेतो, इथे मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात. छंदात मात्र जुनं ज्ञान थोडं बाजूला ठेवावं लागतं. यमाताराजभानसलगं म्हणत आपण लघु-गुरू मोजतो, म्हणजे अक्षराचं वजन. इंग्रजी छंद आघातावर चालतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असताना जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. आयँबिक पेंटामीटर म्हणजे हलका-जोराचा अशी जोडी पाच वेळा. टेबलावर बोटं आपटत मोठ्याने वाचा. मनात वाचून आघात कळत नाही.

सातवी पायरी: उत्तर लिहिणं

नव्या मुलांची सर्वांत मोठी चूक सांगते. पहिल्या सत्रात पारिभाषिक शब्द भरभरून मिळतात आणि उत्तर म्हणजे त्यांचं प्रदर्शन होतं. "इथे अ‍ॅलिटरेशन आहे, त्यामुळे वाचकाचं लक्ष वेधलं जातं." हे वाक्य मी किती वह्यांत लाल केलं असेल, गणती नाही. ते जगातल्या कुठल्याही उताऱ्याला चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. वर 'सॉर्टेड'चं केलं तसं करा: हाच शब्द, इथेच, या माणसाने, या ऐकणाऱ्यासाठी का? जे वाक्य दुसऱ्या उताऱ्याला लागू पडणार नाही तेच ठेवा.

गुण पाच निकषांवर देतात आणि त्यांना एओ १ ते एओ ५ म्हणतात. संज्ञा वापरून नीट मांडणं, अर्थ कसा घडवला ते दाखवणं, संदर्भ, मजकुरांमधले दुवे, आणि स्वतःच्या लेखनातलं कौशल्य. प्रत्येक प्रश्नाला पाचही लागत नाहीत. कोणत्या प्रश्नाला कोणते, याची एक छोटी चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

संदर्भाबद्दल आपल्या मुलांना एक सवय मोडावी लागते. लेखकाचं जन्मसाल, गाव, शिक्षण असा परिच्छेद सुरुवातीला लिहून टाकायचा, ही ती सवय. इथे त्याला गुण नाहीत. संदर्भ वाक्याला भिडला पाहिजे: ही ओळ त्या काळच्या वाचकाला का टोचली असेल, ही घोषणा फलाटावर का चालते आणि दवाखान्यात का चालणार नाही.

आठवी पायरी: दुसऱ्याच्या कथेत स्वतः लिहिणं

एक्यूएच्या दुसऱ्या पेपरात नेमलेल्या पुस्तकातला एखादा प्रसंग वेगळ्या तोंडून किंवा वेगळ्या रूपात लिहायचा असतो. समजा, कथेत कोपऱ्यात उभ्या असलेल्या नोकराची डायरी. त्याला २५ गुण, आणि आपण असं का लिहिलं या भाष्याला ३०. हिशेब लक्षात घ्या. मुलं डायरी रंगवण्यात वेळ घालवतात आणि भाष्य घाईत संपवतात. लिहिताना जाणीवपूर्वक तीन-चार निवडी करा, म्हणजे त्यांच्याबद्दल बोलता येईल: काळ कोणता, वाक्यं तुटक की लांब, मालकाला हा माणूस मनातल्या मनात काय म्हणतो.

नववी पायरी: प्रकल्प

याला एनईए म्हणतात. मुलं कोर्सवर्क म्हणतात. एक्यूएमध्ये २,५०० ते ३,००० शब्द, आणि एखादं तंत्र किंवा विषय घेऊन एक साहित्यिक आणि एक साहित्येतर मजकूर यांची तुलना. विषय लहान ठेवा. "नाटकातलं आणि जीवनातलं संभाषण" हा डोंगर आहे. "मधेच बोलणं तोडणं" हा एका मुलाला पेलतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने आजीची परवानगी घेऊन, आजी आणि तिची इंग्रज शेजारीण यांचं कुंपणावरचं दहा मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. उतरवून काढताना प्रत्येक थांबा सेकंदात मोजला, एकाच वेळी दोघी बोलल्या त्या जागा चौकटी कंसाने दाखवल्या. आजी दर वाक्यानंतर "हं, हं" म्हणत होती. मुलीला आधी वाटलं, आजीला कळत नाहीये. मोजल्यावर दिसलं की ते "हं" आलं की शेजारीण पुढे बोलायला लागते. आजी गप्पा चालवत होती. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. असा विषय घरात सापडतो. रेकॉर्डिंग करायचं तर समोरच्या प्रत्येकाची आधी परवानगी, आणि लिहिताना नावं बदललेली. शिक्षक सुचवतील, वाचतील, पण वाक्य दुरुस्त करून देणार नाहीत. तसं करायला आम्हाला मनाई आहे. इंटरनेटवरून किंवा चॅटबॉटकडून आणलेला मजकूर स्वतःचा म्हणून देऊ नका. पकडला गेला तर प्रकल्पाचे गुण तर जातातच, प्रकरण त्याहून पुढेही जाऊ शकतं.

दहावी पायरी: परीक्षा

मे-जूनमध्ये. एक्यूएचा पहिला पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा, म्हणजे एका गुणाला पावणेदोन मिनिटांहून किंचित जास्त. विभाग ४०, ३५ आणि २५ गुणांचे. सरावाला बसताना घड्याळ समोर ठेवा; बऱ्याच मुलांचा शेवटचा विभाग अर्धा राहतो. काही विभागांत पुस्तक जवळ ठेवता येतं, पण ती प्रत कोरी हवी. म्हणून वर्षभर खुणा करायला एक प्रत आणि परीक्षेला दुसरी. पुस्तक जवळ असलं तरी अवतरणं पाठ असू द्या. लांब नकोत, तीन-चार शब्दांचीच, ज्यांतल्या एकेका शब्दावर बोलता येईल अशी.

आई-बाबांसाठी

"इंग्लिश घेऊन पुढे काय?" हे तुम्ही विचारणारच. विद्यापीठ प्रवेशासाठी ए लेव्हलच्या श्रेणींचे जे यूकास गुण धरतात, त्यांत ए श्रेणीचे ४८ म्हणजे ४८, विषय कोणताही असो. कायदा, पत्रकारिता, अध्यापन, भाषाशास्त्र, वाचा-उपचार अशा वाटा या विषयाकडून निघतात. पुढे इंग्लिश साहित्याचीच पदवी करायची असेल तर हव्या त्या विद्यापीठाची अट आधी वाचा: काही ठिकाणी लिटरेचर किंवा लँग्वेज अँड लिटरेचर यांपैकी एक मागतात आणि नुसतं लँग्वेज चालत नाही. मुलाला विज्ञान घ्यायचं असेल तरी तीन ए लेव्हल विषयांपैकी तिसरा म्हणून हा बसतो का, ते त्याच्या कोर्सच्या अटी वाचून ठरवा.

आणि घरी मराठी बंद करू नका. शिक्षकांच्या भेटीला आलेले पालक मला अभिमानाने सांगतात, "आता आम्ही घरी फक्त इंग्लिशच बोलतो." मला ते ऐकवत नाही. त्याऐवजी स्वयंपाक करताना मुलाला नेमलेल्या नाटकाचं एक पान मोठ्याने वाचायला सांगा, आणि अडाल तिथे विचारा, "हे मराठीत कसं म्हणशील?" तो थांबेल, दोन शब्द टाकून बघेल, म्हणेल, "नाही, तसं नाही बसत." मग का नाही बसत, हे विचारा आणि वही त्याच्या हाताशी असू द्या.